चार मिनिटांत मंजूर झालेले कलम

गेल्या महिन्यात एका रविवारी बुद्धवंदना आटोपल्यावर आपल्या मंडळातील काही जण सभागृहातच थांबले. इतर राज्यांतील मंडळांचे प्रतिनिधी पडद्यावरून सहभागी झाले होते. अमेरिकेत विखुरलेल्या आपल्या लहान-मोठ्या मंडळांनी एकत्र येऊन राज्यांच्या विधिमंडळांपुढे आणि काँग्रेसपुढे समाजाची बाजू मांडणारी एक राष्ट्रीय संघटना उभारावी, हा विचार दोन वर्षे चालू आहे. तिच्या घटनेचा मसुदा त्या दिवशी प्रथमच वाचला गेला. नावात ‘आंबेडकर’ आधी यावे की ‘बौद्ध’, यावर दीड तास चर्चा झाली. बोधचिन्हातील चक्राला आठ आरे असावेत की चोवीस, यावर पाऊण तास गेला. या चर्चांची मी थट्टा करीत नाही. ज्या समाजाची नावे पिढ्यान्‌पिढ्या इतरांनी ठेवली, त्याने स्वतःच्या नावावर दीड तास खर्च केला तर तो वाया गेला असे कोणी म्हणू नये.

तिसरे कलम मात्र चार मिनिटांत मंजूर झाले. ते सदस्यत्वाचे कलम होते. मतदानाचा अधिकार असलेला सदस्य म्हणजे अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक, आणि वर्षाला शंभर डॉलर वर्गणी भरणारा. बाकीचे सर्व ‘सहयोगी सदस्य’, ज्यांना सभेला येता येईल, बोलता येईल, परंतु मत देता येणार नाही. मी त्या वेळी पुढच्या कलमातील एक वाक्य दुरुस्त करण्यात गुंतलो होतो. सर्वांनी हात वर केले तसा मीही केला. घरी परतताना गाडीत पत्नीने विचारले, “म्हणजे आपण दोघे सहयोगी ना?” एच-वन-बी व्हिसावर या देशात अकरा वर्षे काढलेल्या मी, स्वतःचा मताधिकार काढून घेणाऱ्या कलमाला हात उंचावून संमती दिली होती.

हे कलम ज्या ज्येष्ठांनी लिहिले त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. मी त्यांना दूरध्वनी केला तेव्हा त्यांनी शांतपणे कारण सांगितले. सिनेटरच्या कार्यालयात गेले की पहिला प्रश्न येतो : तुमच्या संघटनेत या मतदारसंघातील मतदार किती? तिथे ‘आमचे सहाशे सदस्य आहेत, पण त्यांतील साडेचारशे जणांना मत नाही’ असे सांगितले की समोरचा तरुण साहाय्यक वही मिटतो. काकांनी हे तीस वर्षे अनुभवले आहे. त्यांचे म्हणणे खोडून काढण्याइतका अनुभव माझ्याजवळ नाही. म्हणून मी याच देशातील दुसऱ्या एका स्थलांतरित समाजाचा इतिहास वाचायला घेतला, ज्यात बौद्धांची संख्या मोठी होती आणि ज्याने नेमके हेच कलम लिहिले होते.

जपानी वंशाच्या अमेरिकनांची राष्ट्रीय संघटना, जॅपनीज अमेरिकन सिटिझन्स लीग, १९२९ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन १९३० मध्ये सिएटल येथे भरले. तीही आपल्यासारखीच स्थानिक मंडळांच्या एकत्रीकरणातून उभी राहिली. फ्रेस्नोमध्ये एक मंडळ होते, सिएटलमध्ये दुसरे. दंतवैद्य थॉमस याताबे, वकील साबुरो किडो, पत्रकार जेम्स साकामोतो अशी काही मंडळी धडपडत होती. तिच्या नावातच ‘सिटिझन्स’ हा शब्द आहे. सदस्य होण्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व आवश्यक होते. म्हणजे ‘निसेई’, अर्थात या भूमीवर जन्मलेली दुसरी पिढी, आत. आणि ‘इस्सेई’, म्हणजे बोटीने आलेले त्यांचे आईवडील, बाहेर. इस्सेईंनी नागरिकत्व नाकारले नव्हते. कायद्यानेच त्यांना ते बंद होते. १९२२ मध्ये ताकाओ ओझावा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जपानी माणूस ‘गोरा’ नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असे ठरवले. पुढच्याच वर्षी भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हाच निर्णय भारतीयांना लागू झाला. (थिंद यांच्या बाजूने केलेला युक्तिवाद आपल्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावा. उच्चवर्णीय हिंदू हा शुद्ध आर्य असल्याने तो गोराच मानावा, असा त्याचा रोख होता. जातीचे प्रमाणपत्र दाखवून अमेरिकेचे दार उघडण्याचा तो प्रयत्न फसला.)

लीगचे कलमही निर्हेतुक नव्हते. परकीय म्हणून संशयाने पाहिल्या जाणाऱ्या समाजाला ‘आम्ही नागरिक आहोत’ एवढे एकच वाक्य बोलता येत होते, आणि ते बोलून त्यांनी काही मिळवलेही. नागरिकत्वास अपात्र परदेशी पुरुषाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचे नागरिकत्व गमावत असे. तो कायदा १९३१ मध्ये बदलून घेण्यासाठी लीगने सुमा सुगी या तरुण स्त्रीला वॉशिंग्टनला पाठवले होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेसाठी लढलेल्या आशियाई सैनिकांना १९३५ मध्ये नागरिकत्व मिळाले, त्यामागेही लीगचा पाठपुरावा होता. काही वर्षांचे वय असलेल्या, पैशाने दुबळ्या संघटनेने हे साधले, याचे मोल मी कमी करणार नाही.

परंतु त्या कलमाची किंमत १९४२ मध्ये कळली. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर काही तासांतच केंद्रीय तपास यंत्रणेने इस्सेई पुढाऱ्यांना अटक करण्यास सुरुवात केली : व्यापारी मंडळांचे प्रमुख, जपानी भाषेचे शिक्षक, आणि मोठ्या संख्येने बौद्ध भिक्षू व पुरोहित. समाजाचे जुने नेतृत्व असे रातोरात नाहीसे झाल्यावर सरकारला बोलणी करण्यासाठी उरली ती लीग. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० लोकांना घरादारांतून उठवून छावण्यांत नेण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. मार्च महिन्यात लीगच्या नेत्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत तातडीची सभा घेतली आणि सरकारशी सहकार्य करण्याचे ठरवले. लीगचे पगारी सचिव माइक मासाओका तेव्हा सव्वीस वर्षांचे होते.

त्या तरुणांवर दगड मारणे आज सोपे आहे. संगिनी समोर असताना प्रतिकार केला असता तर रक्तपात झाला असता, हे त्यांचे म्हणणे खोटे ठरवण्याची सोय इतिहासाने ठेवलेली नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या आईवडिलांच्या वतीने हे सहकार्य देऊ केले गेले, त्यांना त्या सभेत मत नव्हते. मत तर सोडाच, तिथे त्यांची जागाच नव्हती. छावणीच्या काटेरी तारेआड गेल्यावर हा रोष उसळून वर आला आणि काही ठिकाणी लीगच्या नेत्यांना मारहाणही झाली. बाहेर ठेवलेल्या माणसांना आत बोलण्याची वाट नव्हती.

आत असलेल्या मतभिन्नांची गतही फारशी बरी नव्हती. मिनोरू यासुई या तरुण वकिलाने संचारबंदी मोडून खटला ओढवून घेतला, तेव्हा अशा कसोटी-खटल्यांना लीगने विरोध जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयात याच खटल्यांच्या समर्थनार्थ निवेदन देण्याची बुद्धी तिला नंतर झाली. वायोमिंगमधील हार्ट माउंटन छावणीतील तरुणांनी १९४४ मध्ये सांगितले, की आधी आमचे नागरी हक्क परत द्या, मग आम्ही सैन्यात येतो. त्यांपैकी ६३ जणांवर एकत्र खटला चालून त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. लीगने त्यांचा निषेध केला. त्यांची जाहीर क्षमा लीगने मागितली ती २००२ मध्ये. अठ्ठावन्न वर्षांनी. तोवर त्यांतील कितीतरी जण निघून गेले होते.

इथे कोणी म्हणेल, आणि काकांनी म्हटलेच, की १९५२ मध्ये इस्सेईंना अखेर नागरिकत्व मिळाले ते याच लीगच्या लॉबिंगमुळे ना? होय. ज्यांना संघटनेने बाहेर ठेवले त्यांच्यासाठीच ती वॉशिंग्टनमध्ये लढली आणि जिंकली. हा मुद्दा माझ्या बाजूचा नाही, तरी तो सांगितलाच पाहिजे. पण त्याच समाजाचा सर्वांत मोठा विजय कसा मिळाला तेही पाहावे. छावण्यांच्या अन्यायाबद्दल भरपाईची मागणी लीगच्या १९७८ च्या सॉल्ट लेक सिटी अधिवेशनात ठरावाच्या रूपाने मंजूर झाली. पुढे वाट काय, यावर मात्र समाज तीन ठिकाणी फुटला. लीगने काँग्रेसकरवी चौकशी आयोग मागितला. दुसऱ्या गटाने न्यायालयात सरकारविरुद्ध सामूहिक दावा लावला. तिसऱ्याने वस्त्यांमधील सामान्य माणसांना संघटित केले. तिघांत कडाक्याचे वाद होते. १९८१ मध्ये आयोगाने गावोगावी सुनावण्या घेतल्या तेव्हा ७५० हून अधिक साक्षीदार उभे राहिले. त्यांत इस्सेई वृद्ध होते, माळीकाम केलेले होते, चाळीस वर्षे आपल्या मुलांनाही छावणीबद्दल एक शब्द न सांगितलेल्या स्त्रिया होत्या. १० ऑगस्ट १९८८ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली, त्यात राष्ट्राची क्षमायाचना होती आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर. काँग्रेसमध्ये नॉर्मन मिनेटा, रॉबर्ट मात्सुई, सिनेटमध्ये डॅनियल इनोये, स्पार्क मात्सुनागा यांच्यासारखी माणसे नसती तर हे झाले नसते. परंतु त्या साक्षी नसत्या तर त्यांच्या हाती मांडायला काय असते?

आता आपल्या घराकडे वळू. आपले इस्सेई कोण?

रोजगारावर आधारित ग्रीनकार्डांपैकी कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून अधिक येऊ नयेत, असा नियम आहे. भारतात जन्मलेल्यांची रांग त्यामुळे इतकी लांबली आहे, की माझ्या वयाच्या अनेकांचा क्रमांक त्यांच्या निवृत्तीपूर्वी लागेल याची खात्री नाही. कायद्याने दार लावले नाही, फक्त दारापर्यंतची रांग संपत नाही, एवढाच काय तो इस्सेईंत आणि आपल्यात फरक. चाळिशीच्या आतील आपल्या समाजातील बहुतेक जण या रांगेत आहेत. विद्यार्थी त्याही मागे. आणि ज्यांची आपण कल्पनाही करीत नाही असे काही आहेत. २०२१ मध्ये न्यू जर्सीतील रॉबिन्सव्हिल येथील एका भव्य मंदिराच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांनी न्यायालयात दावा दाखल केला. धार्मिक कार्यासाठीच्या व्हिसावर आपल्याला आणले आणि तासाला सुमारे सव्वा डॉलर दराने दगडाचे काम करून घेतले, असा त्यांचा आरोप होता. त्यांत दलित समाजातील माणसे होती. आपल्या तिसऱ्या कलमाप्रमाणे त्यांना सहयोगी सदस्य होण्यासाठीही कोणाची तरी शिफारस लागली असती.

जातिभेदाविरुद्ध कायदा व्हावा यासाठी ही संघटना आपल्याला हवी आहे. तो भेद सोसणारे नेमके हेच लोक आहेत. ज्याची नोकरी गेल्यास साठ दिवसांत देश सोडण्याची वेळ येऊ शकते, त्याच्यावर त्याच्या व्यवस्थापकाची जेवढी सत्ता चालते, तेवढी नागरिकावर चालत नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या शासकीय विभागाने सिलिकॉन व्हॅलीतील एका मोठ्या कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला, तेव्हा कागदोपत्री तक्रारदाराचे नाव ‘जॉन डो’ होते. आपल्या चळवळीतील अमेरिकेतला सर्वांत गाजलेला तक्रारदार निनावी आहे, यावर आपण पुरेसा विचार केलेला नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटलच्या नगरपरिषदेने जातिभेदाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने सिनेटर आयेशा वहाब यांचे विधेयक संमत केले आणि ७ ऑक्टोबरला राज्यपालांनी, प्रचलित कायद्यांत हे आधीच समाविष्ट आहे असे सांगून, ते नामंजूर केले. त्या विधेयकाच्या सुनावणीत लोक एका रांगेत माइकपाशी येत, आपले नाव सांगत, समर्थन की विरोध एवढे बोलत आणि पुढे जात. आपल्या काही बहिणी आणि तरुण त्या रांगेत होते. मी माझ्या कार्यालयात होतो. सुनावणी दुसऱ्या खिडकीत, आवाज बंद करून पाहत होतो, आणि कोणी मागून आले की ती खिडकी लहान करीत होतो.

मताधिकाराला पात्रतेची अट लावण्याचा हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. जानेवारी १९१९ मध्ये, सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली ती मताधिकारासंबंधीच होती. मालमत्तेच्या अटीने अस्पृश्य समाज मतदारयादीबाहेर राहतो, म्हणून त्यांच्यासाठी ती अट खाली आणावी, असे त्यांनी मांडले. माणूस आधी लायक व्हावा आणि मग त्याला राजकीय हक्क द्यावा, हा क्रमच त्यांना मान्य नव्हता. राजकीय जीवनात भाग घेण्यातूनच माणूस शिकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात तर त्यांनी सरळ प्रौढ मताधिकार मागितला. शंभर डॉलर वर्गणी आणि ग्रीनकार्ड यांची अट घालताना आपल्या भिंतीवर त्यांचीच तसबीर होती.

सिनेटरच्या साहाय्यकाच्या प्रश्नाचे काय? त्याचे उत्तर व्यवहारात सापडते. आपली संस्था ५०१ सी ३ प्रकारची धर्मादाय संस्था म्हणून नोंदवायची आहे. अशी संस्था कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करू शकत नाही. लॉबिंग मात्र मर्यादेत करू शकते. त्यासाठीचा पर्याय स्वीकारून अर्ज दिल्यास खर्चाच्या पहिल्या पाच लाख डॉलरपर्यंत वीस टक्के रक्कम लॉबिंगवर खर्च करता येते. आपली वार्षिक उलाढाल पाहता ही मर्यादा आपल्याला कधी टोचेल असे वाटत नाही. निवडणुकीत देणगी देण्यास नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकच पात्र असतात, हा देशाचा कायदा आहे आणि तो पाळायचाच. पण संघटनेच्या अंतर्गत निवडणुकीत कोणी मत द्यावे हे कोणताही कायदा सांगत नाही. मतदारांची मोजणी स्वतंत्र ठेवता येते : आमचे एकूण सदस्य इतके, पैकी तुमच्या मतदारसंघातील नोंदणीकृत मतदार इतके. त्यासाठी इतरांचा आवाज कापावा लागत नाही.

मला अधिक काळजी वाटते ती यादीची. १९५६ मध्ये अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेकडे, एनएएसीपीकडे, सदस्यांची नावे-पत्ते मागितले. हीच ती संघटना, जिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. संघटनेने पदाधिकाऱ्यांची नावे दिली, सामान्य सदस्यांची देण्यास नकार दिला. कारण साधे होते. नाव बाहेर आले की नोकरी जाईल, घरावर हल्ला होईल. राज्याच्या न्यायालयाने एक लाख डॉलर दंड ठोठावला. ३० जून १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की अशी यादी मागणे हा संघटित होण्याच्या स्वातंत्र्यावरच घाला आहे. तरीही त्या राज्यात संघटनेला पुन्हा उभे राहायला १९६४ उजाडले. आठ वर्षे त्यांनी दार बंद ठेवले, पण यादी दिली नाही.

आमच्या पडद्यावरील सभांना एक भाऊ नेहमी येतात. त्यांचा कॅमेरा बंद असतो आणि नावाच्या जागी फक्त एक अक्षर. काहींना ते खटकते, एकदा कोणीतरी “समाजाच्या सभेत तोंड लपवायचे कशाला?” असेही बोलून गेले. तिसऱ्या कलमावर दुरुस्ती मांडायची म्हणून मी त्यांना दूरध्वनी केला. दुरुस्ती अशी : अठरा वर्षांवरील आणि उद्देश मान्य असलेला प्रत्येक जण मतदार सदस्य, वर्गणी पाच डॉलरपासून ऐपतीप्रमाणे, टोपणनावाने नोंदणीची मुभा, खरे नाव फक्त दोन विश्वस्तांना ठाऊक. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “दादा, मत द्या की नका देऊ, ते नंतर बघू. आत्ता ती यादी कोणाकडे आहे?”

यादी माझ्याकडे होती. गेल्या जयंतीच्या भोजनाच्या नोंदणीसाठी मीच ती तयार केली होती. २१२ नावे, दूरध्वनी क्रमांक, गाव आणि एका रकान्यात नोकरीचे ठिकाण, कारण वर्गणी देणाऱ्यांच्या कंपन्यांकडून जोडदेणगी मिळते. दुवा ज्याच्याकडे असेल त्याला ती उघडता येत होती, आणि तो दुवा व्हॉट्सॲपच्या चार गटांत फिरला होता. दुसऱ्यांच्या ग्राहकांची माहिती सुरक्षित ठेवण्याचा मला पगार मिळतो.

त्या रात्री मी ती यादी बंद केली आणि नोकरीचा रकाना काढून टाकला. सकाळी दोघांचे निरोप आले होते, की फाइल उघडत नाही, प्रवेश द्यावा. त्यांतला एक क्रमांक माझ्या ओळखीचा नव्हता. मी अजून उत्तर दिलेले नाही. पुढच्या सभेत दुरुस्तीबरोबर हेही सांगणार आहे. ज्यांना ‘सहयोगी’ ठरवले गेले आहे त्यांनी त्या दिवशी अवश्य यावे. कॅमेरा बंद ठेवून आलात तरी चालेल.